नकाशात न काढलेली वळणं

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. लिहिता लिहिता मी स्वतःला हळूच सोडवून घेईन, अशी मला माझीच भीती वाटते. तशी मला सवय आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मी करावे गावच्या हसुराम काकांच्या हातात एक नकाशा दिला. त्या नकाशातली एकही रेघ खोटी नव्हती. पण आमचं जहाज जिथून वळणार होतं, त्या वळणांच्या रेघा मी त्यात काढल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं तेव्हाही सांगितलं नाही. पुढे जे नुकसान झालं, त्याचा दोष मी एका ओळीत टाईप करून त्यांच्यावर ढकलला आणि जेवायला गेलो.

दिवाळी सरली की आमच्याकडे हवा बदलते. खांदेश्वरच्या आमच्या घरात पहाटे पहिल्यांदा पंखा बंद करावासा वाटतो. जुईनगरला ऑफिसच्या जिन्यात खाडीवरचा वारा येतो, आणि त्यात सुकत घातलेल्या जवळ्याचा, म्हणजे बारीक कोलंबीचा, वास असतो. सहकारी नाक मुरडतात, खिडक्या लावा म्हणतात. मी खिडकी लावत नाही, पण तिच्याजवळही बसत नाही. या दिवसांत समुद्र निवळतो. शेतकऱ्याचा हंगाम असतो तसा आमचाही असतो, तो आत्ता सुरू होतो. जहाजं बाहेर पडतात, समुद्राच्या तळाची मोजणी सुरू होते. आता मी जहाजावर जात नाही, टेबलावर बसून नकाशे काढतो. तरी कार्तिकातली ती कोरडी, स्वच्छ सकाळ आली की मी न्याहारीची बशी तशीच सरकवतो. बायकोला वाटतं ॲसिडिटी आहे.

आमचं काम ऐकायला भारी वाटतं, पण समजायला सोपं आहे. जहाज समुद्रात सरळ रेघेत चालतं. काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात एक ठोका देतं. ठोक्याचा आवाज तळाशी जातो, गाळात शिरतो, खालच्या मुरुमावर, खडकावर आपटून परत येतो. जहाजामागे शंभरेक मीटर लांबीची एक केबल तरंगत असते, ती हा परतीचा आवाज ऐकते. त्यावरून कळतं की तळाखाली कुठे मऊ आहे, कुठे कठीण, जमीन कुठे चिरली आहे. एक रेघ संपली की जहाज वळून शेजारची रेघ धरतं. जहाज कुठल्या क्षणी कुठे होतं, हे नोंदवणं आणि त्या वाटा नकाशावर उतरवणं हे माझं काम. जागा माहीत नसेल तर ऐकलेल्या आवाजाला काही किंमत नाही.

मी सातारा जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. पहिल्यांदा हे काम पाहिलं तेव्हा मला नांगरटच आठवली होती. इकडून तिकडे तास, तिकडून इकडे तास. नांगर बांधापाशी आला की फाळ उचलून बैल वळवतात. आमचं जहाज मात्र वळताना केबल उचलत नाही. ठोके बंद होतात, पण केबल पाण्यातच असते, आणि जहाज वळलं की तिचं शेपूट बाहेरून मोठा फेरा घेत येतं. ओहोटीची ओढ असेल तर त्याहूनही मोठा. नकाशात हे काही दिसत नाही. वळणाच्या वेळची मोजणी नसते, म्हणून वळणं पुसून टाकायची आणि फक्त सरळ रेघा ठेवायच्या, अशी आमच्यात पद्धत आहे. नकाशा स्वच्छ दिसतो. मला स्वच्छ नकाशांचा अभिमान होता.

हसुराम काका त्या हंगामात आमच्या जहाजावर वाटाड्या म्हणून आले. वय साठीच्या आसपास, ठेंगणे, खांदे रुंद, पाय डेकवर चिकटवल्यासारखे. खाडीच्या तोंडाशी करावेकरांचे खुंट होते. खुंट म्हणजे चिखलात खोल रोवलेले उंच लाकडी खांब. दोन खांबांच्या मध्ये डोल बांधतात, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. पाण्याची ओढ लागली की त्याचं तोंड उघडतं आणि मासळी आपण होऊन आत येते. प्रत्येक घराची खुंटाची जागा ठरलेली, आजोबांपासूनची. भरतीला खुंट बुडतात, वरून काही दिसत नाही. ते कुठे आहेत हे आम्हाला सांगायला काका आले होते.

मी त्यांना जीपीएसचं यंत्र दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"सातारकर, तुमचं पानी विहिरीत बांधलेलं. ते कुठं जात नाय, तरी तुमाला यंत्र लागतं?"

मग त्यांनी आपली रीत दाखवली. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागे एक यायला हव्यात, पारसिकच्या डोंगरातली एक खाच आणि तिच्याखाली पाण्याची टाकी. ही झाली एक रेघ. दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा, ही दुसरी. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे खुंट. पूर्वी एक खूण देवळाच्या कळसाची होती. सीवूड्सकडे टॉवर उभे राहिले आणि कळस झाकला गेला. मग काकांनी एका टॉवरच्या कोपऱ्याची नवी खूण धरली.

"बिल्डर आमच्या खुना खातात, आमी त्यांच्याच बिल्डिंगीची खून करतो. फिटंफाट."

गावात दर वर्षी खुंट नव्याने रोवतात तेव्हा नावेच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभं राहून एक माणूस खुणा जुळवतो. तो हात खाली करील तिथे खांब सोडायचा. त्याच्या हाताकडे चाळीस घरं बघत असतात. वीस वर्षं तो हात हसुराम काकांचा होता. हे त्यांनी मला बढाई म्हणून सांगितलं नाही, बोंबलाचा काटा काढता काढता सांगितलं. त्यांनी डबा उघडला की मी माझी पोळीभाजी बाजूला ठेवत असे. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. त्या दुपारी मला अजून सुंदर वाटतात, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. पाणी शिशासारखं संथ, दूर घारापुरी निळसर, आणि दर काही सेकंदांनी पायाखाली तो ठोका. काका म्हणायचे, "दर्याच्या छातीला कान लावलाय तुमी."

खुंटांच्या भागात काम सुरू करण्याआधी गावाला लेखी खात्री हवी होती. देवळासमोरच्या मांडवात चटया टाकून माणसं बसली. काकांनी माझा नकाशा जमिनीवर पसरला. निळ्या सरळ रेघा, त्यांच्या टोकापासून बऱ्यापैकी दूर लाल ठिपके. ठिपके म्हणजे खुंट. काकांची भावजय जनाबाई पुढे झाली. नवरा गेल्यापासून त्यांच्या घरचे दोन खुंट ती एकटीने सांभाळत होती.

"रेघा बऱ्या काढल्यात. मास्तर, पोरींच्या रांगोळीला येशील का?"

मांडव हसला. मीही हसलो. मग काकांनी नकाशावरून बोट फिरवत ते रेघेच्या टोकाशी आणून थांबवलं.

"आनि जहाज वळतं कुठं? गाडीला पन यू-टर्न मारायला जागा लागते."

मला उत्तर माहीत होतं. रेघेचं टोक आणि लाल ठिपके यांच्यामधल्या त्या मोकळ्या पांढऱ्या जागेतच जहाज वळणार होतं. ते तिथे काढून दाखवलं असतं तर मांडवात चर्चा झाली असती, दोन रेघा आखूड कराव्या लागल्या असत्या, माझा चीफ वैतागला असता. शिवाय मला खरंच वाटत होतं की जागा पुरेल. मी म्हणालो, "वळताना काम बंद असतं, काका. ठोका नाही, काही नाही."

प्रत्येक शब्द खरा होता. काका मान हलवून गावाकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलं ना? खुंटाला धक्का नाय. माजा शब्द."

माझ्या सहीच्या नकाशावर त्यांनी स्वतःचा शब्द ठेवला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मिटिंग लवकर आटपली याचं बरं वाटलं.

अमावास्येनंतरचं उधाण होतं. दुपारचे दीड-दोन. जहाज एका रेघेच्या दक्षिण टोकाला पोचून वळायला लागलं. मी आत पडद्यासमोर होतो. पडद्यावर जहाजाची हिरवी आकृती आणि केबलच्या शेपटाचा पिवळा ठिपका. ओहोटी जोरात लागली होती. पिवळा ठिपका बाहेर सरकला, आणखी सरकला, आणि लाल ठिपक्यांकडे जाऊ लागला. मी खुर्चीतून उठलो. मला वाटलं, येईल परत. मी पुन्हा बसलो. तेवढ्यात मागच्या डेकवरून काकांची आरोळी आली.

"अरं थांबवा! खुंट हाईत! खुंट हाईत!"

जहाज असं चटकन थांबत नाही. पाच खुंट मोडले. केबल ओढून घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक अख्खा डोल वर आला, पीळ पडलेला, फाटलेला. लोखंडी डेकवर जवळा आणि चिमुकली ढोमी मासळी सांडली, उन्हात चमकू लागली. एक खलाशी सुरी घेऊन पुढे आला तसे काका उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हात जाळ्यावर आडवे धरले.

"कापू नका. जनीचा डोल हाय."

पाऊण तास ते बोटांनी एकेक गाठ सोडवत होते. मी दारात उभा राहून पाहत होतो.

मग चीफने मला बोलावलं. तो ओरडला नाही, उलट फार मऊ आवाजात म्हणाला, "खुंटांच्या जागा त्या म्हाताऱ्यानेच दिल्या होत्या ना? डोळ्यांनी बघून? मग त्यात गडबड असू शकते." त्याने मला खोटं लिहायला सांगितलं नाही. लिहिलं मी. 'स्थानिक मार्गदर्शकाने दिलेल्या खुंटांच्या जागांमध्ये तफावत आढळली.' एवढंच वाक्य. कुठलीही तफावत मी मोजली नव्हती.

इथे थांबलो असतो तरी पुरेसं होतं. पण संध्याकाळी काका छोट्या होडीत उतरायला निघाले, तेव्हा शिडीपाशी थांबून त्यांनी मला हाक मारली. त्यांचा चेहरा मी तोवर असा पाहिला नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"सातारकर, खरं सांगा. माजी खून चुकली का? कळस होता तवा चुकत नव्हती. त्या टॉवरचा कोपरा धरला, तिथं नजर गंडली असंल का?"

मी म्हणालो, "असू शकतं, काका. टॉवरमुळे होतं असं."

त्यांनी मान खाली घातली. "मग माजंच चुकलं," असं म्हणून ते शिडी उतरले.

दोष लिहून ठेवणं एक, आणि एखाद्या माणसाला त्याच्या स्वतःच्या डोळ्यांबद्दल खोटं सांगणं दुसरं. या वाक्यापाशी मी इतकी वर्षं येतो आणि पुढे सरकत नाही.

गावात पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. जनाबाई सगळ्यांसमोर काकांना म्हणाली, "तुजा कागद, तुजा सातारकर, आनि माजे खुंट." काहींनी तर काकांनी खाडी विकली असंही म्हटलं. पुढच्या हंगामात नाळीवर दुसऱ्याला उभं केलं. कुणी काकांना काढलं नाही म्हणे. त्यांनीच सांगितलं, माझी नजर राहिली नाही.

एकदा सीवूड्सच्या बाजारात ते मला दिसले. पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभे होते, डोळे बारीक करून सिग्नलकडे पाहत होते. मी स्कूटरवर होतो. मी हेल्मेट काढलं नाही. काच खाली ओढली आणि त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून निघून गेलो. त्यानंतर करावेच्या बाजूने जाणारा रस्ताच मी सोडला. वैशाली, माझी बायको, म्हणायची, "लांबून कशाला नेता? पेट्रोल काय खाडीतून येतं?" मी म्हणायचो, तिकडे ट्रॅफिक असतो.

यंदा दिवाळीनंतर ऑफिसात नवं काम आलं. त्याच किनाऱ्यावर पुन्हा मोजणी व्हायची आहे. त्याआधी जुन्या सगळ्या जहाजांच्या वाटा एका नकाशावर आणायच्या. वेगवेगळ्या वर्षांच्या फायली, काहींचे कागद पिवळे पडलेले, काही कुठल्या तरी कपाटातल्या डिस्कवर. मी एकेक वाट उतरवत होतो. खरं तर मला हे काम आवडतं. कोण कुठल्या दिवशी कुठून गेलं, कुठे यंत्र बंद पडलं, कुठे वाऱ्याने ढकललं, सगळं रेघेत दिसतं. समुद्रावर मागे काही उरत नाही, पाणी मिटून जातं. पण फायलीत उरतं.

त्या हंगामाची मूळ फाईल उघडली तेव्हा मला माहीत होतं की तिच्यात वळणं आहेत. मूळ नोंद कुणी पुसत नाही, पुसतो ते फक्त छापायच्या नकाशातून. दोन दिवस मी दुसऱ्याच फायली करत बसलो. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस रिकामं असताना, वळणांसकट सगळी वाट पडद्यावर आणली. सरळ निळ्या रेघांच्या टोकांना गोल गोल फेरे फुटले. त्यातला एक फेरा लाल ठिपक्यांना जाऊन भिडत होता. मग केबल जिथे अडकली त्या क्षणाची जागा काढली आणि काकांनी सांगितलेल्या खुंटाच्या जागेशी ताडून पाहिली. दोन्हींत काही हातांचा फरक होता. नावेत उभं राहून, डोंगराची खाच आणि टॉवरचा कोपरा जुळवून, नुसत्या डोळ्यांनी! माझं यंत्रही त्या दिवशी याहून अचूक नव्हतं.

मी उठून खिडकीपाशी गेलो. बाहेरून जवळ्याचा वास येत होता.

घरी येऊन वैशालीला सगळं सांगितलं, हेल्मेटच्या काचेसकट. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं तो माणूस स्वतःला आंधळा समजतोय?"

"तसंच."

"आणि तुम्ही इथे बसून मला सांगताय? मला काय सांगायचं त्यात?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जुन्या अहवालाला दुरुस्तीचं पान जोडलं, खाली माझं नाव घालून. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "गाडलेली मढी कशाला उकरतोस, यार? टेन्शन घेऊ नको. तो चीफ पण आता कंपनीत नाही." नव्या मोजणीच्या नकाशात वळणं तुटक रेघेने छापायची, असंही मी लिहून दिलं. ते मान्य होईल की नाही, माहीत नाही. पण ही सगळी कागदाची कामं होती. कागदाची कामं मला नेहमीच सोपी गेली आहेत.

रविवारी करावेला गेलो. काका ओटीवर बसून तांदूळ निवडत होते. मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले आणि मग ओळखलं.

"सातारकर! या, या. किती वरसांनी. जाडे झालात."

मला बसवेना. उभ्यानेच नकाशा उघडला, फेरा दाखवला, खुंट दाखवला. शिडीपाशी काय बोललो होतो तेही सांगितलं. त्यांनी नकाशा हातात घेतला नाही. ताटलीतला तांदूळ एका बाजूला सारला आणि विचारलं, "म्हंजे टॉवरचा कोपरा बरोबर व्हता?"

"बरोबर होता, काका."

"माजी नजर बरोबर व्हती?"

"अगदी बरोबर."

आतून काकूंनी चहा ठेवू का विचारलं. माफ करा, असं मी म्हणायला तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला.

"हितं नको. हितं बोलून माजं काय व्हनार? कागद मांडवात वाचलावता ना? मग चला, समदी जेट्टीवर हाईत."

जेट्टीवर नवे खांब आणून टाकले होते. येत्या उधाणाआधी खुंट रोवायचे होते. पंधरा-वीस माणसं जाळी सांधत बसली होती, त्यांत जनाबाई होती, केस पूर्ण पांढरे. तिने मला पाहिलं आणि दोरा दातांनी तोडला.

"आला का रांगोळीवाला? आता कुनाचे खुंट पायजेत?"

कुणी हसलं नाही. काका माझ्या शेजारी उभे राहिले, थोडे बाजूला, समुद्राकडे तोंड करून. मी नकाशा घडीतच ठेवला. नकाशाआड लपायची मला पुन्हा सवय लागली असती.

मी म्हणालो, "मला जहाज कुठे वळणार ते माहीत होतं. मांडवात काकांनी विचारलं होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही. तुमचे खुंट आमच्या केबलने मोडले आणि दोष मी यांच्यावर लिहिला. काकांची खूण चुकली नव्हती. त्यांनी मला विचारलं, तेव्हा चुकली म्हणून मी खोटं बोललो. जनाबाई, तुमचा डोल माझ्यामुळे फाटला. हसुराम काका, तुमची नजर तेव्हाही चांगली होती. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."